ताकदीचं

सकाळचे ऊन त्या दुकानात कधी घाईने आले नाही. आधी ते समोरच्या भिंतीच्या माथ्यावर उमटे, मग फिके होत होत खाली उतरे, खिडकीच्या काचेवरच्या धुळीत थोडे रेंगाळे आणि शेवटी कापड बेतायच्या लांब टेबलावर अंग टाकून देई. त्या उजेडात लाकडावरचे कात्रीचे जुने ओरखडे दिसत, खडूची भुकटी दिसे, आणि इस्त्रीची वाफ, आपल्यालाही काही आकार आहे अशा थाटात, क्षणभर उभी राही. मुलाला ही वेळ आवडे. या वेळी कोणी बोलत नसे, आणि न बोलण्याचे कारणही द्यावे लागत नसे.

त्या दिवशी बाबा पांढऱ्या कोटाचे कापड बेतत होते. कात्री अडखळली आणि टाचणी बोटात घुसली. शिंप्याला टाचणीचे काय अप्रूप? बाबांनी बोट झटकले, पुन्हा कात्री उचलली. रक्त मात्र थांबेना. एक चिंधी भिजली, दुसरी भिजली. बाही वर सरकली तेव्हा मुलाला दंडावरचे निळेजांभळे डाग दिसले.

"हे कधी लागलं?"

"टेबलाचं लागलं असेल. वय झालं की टेबलंसुद्धा अंगावर येतात."

मुलाला हसू आले नाही. त्याने दुकानाला कुलूप घातले.

दवाखान्यात आत्याही आली. बाबांची ही धाकटी बहीण. घर तिच्या हातात होते आणि बोलणेही.

"औषधं कुठली चालू आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"कुठलीच नाहीत," तिघेही एकदम म्हणाले.

खोटे कोणीच बोलत नव्हते. त्यांच्या घरात औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेले, आणि तसे काही कोणी लिहून दिले नव्हते.

डॉक्टरबाईंनी बाबांच्या बोटांचे सुजलेले सांधे चाचपले. "मग हात दुखले तर?"

"गोळी घेतो. दुकानात मिळते ती, आयबुप्रोफेन. सकाळी, दुपारी आणि झोपताना."

"ते औषध नाही?"

"ती गोळी आहे," बाबांनी त्यांना समजावले.

"आणखी काही?"

आत्याने पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "हे ताकदीचं. मी देते. लसणाचा अर्क आहे, आणि ह्या हळदीच्या कॅप्सूल. झाडपाल्याचं आहे सगळं, त्यानं कोणाचं काय वाईट व्हायचंय?"

डॉक्टरबाईंनी बाटल्या फिरवून पाहिल्या. "जेवणात लसूण घातला तर मी काही म्हणणार नाही. पण इथं तो आटवून भरलाय, हळदही तशीच. दोन्हींनी रक्त गोठायला उशीर होऊ शकतो. गोळीचंही तेच, वर ती पोटाच्या आतल्या अस्तराला इजा करते. सगळ्यांनी मिळून एकाच कामाला हात लावलाय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "शौचाला काळं होतं का?"

बाबा जमिनीकडे पाहू लागले. "होतंय. काही दिवस झाले."

"दादा, अरे मला तरी सांगायचंस," आत्या म्हणाली. तिचा आवाज प्रथमच बारीक झाला.

"तू आणखी एक बाटली आणली असतीस."

डॉक्टरबाई फोनवर कोणाशी तरी थोडके बोलल्या आणि वळल्या. "पोटातून रक्त जात असावं. आत्ताच रुग्णालयात जायचं, घरी जाऊन मग नाही. ही गोळी बंद, दोन्ही बाटल्या बंद. दुखण्यावर दुसरं काही देता येईल ते तिथं ठरेल. त्यात आपल्या मनानं काही मिसळायचं नाही. ताकदीचंसुद्धा नाही."

"आणि काम?" बाबांनी विचारले. पोटातून रक्त जात असावे हे ऐकूनही ते इतके घाबरले नव्हते.

"गोळी घेतली नाही तर हात चालतो?"

"चालतो की. थंडीनं जरा आखडतो, इतकंच. ह्याला विचारा."

ते वाक्य मुलाचेच होते. गिऱ्हाइकांना तो ते इतक्यांदा सांगत आला होता की बाबांनीही ते खरे धरले होते. बाबांनी मागण्याआधी गोळी पुढे करणारा तोच होता. गोळीने बोटे थोडी सैलावत, आणि तेवढ्या सैलपणावर त्याचा सारा विश्वास उभा असे. दुपारी बाबांचा डोळा लागला की त्यांच्या हाताने वाकडे गेलेले तुकडे तो बाजूला सारी, नवे कापड अंथरी, आणि त्यांच्याच खुणांवरून पुन्हा बेती. जागे झाल्यावर ते तुकड्यांवरून हात फिरवत आणि समाधानाने मान हलवत. त्या समाधानासाठी त्याने काय काय केले असते.

बाबा त्याच्याकडे पाहत होते. खरे सांगितले नाही तर रुग्णालयातून परतल्यावर हात चालावा म्हणून ते पुन्हा कुठल्या तरी दुकानात जाऊन तीच गोळी मागतील, हे त्याला कळत होते.

"नाही चालत," तो म्हणाला. "बाबांना आता बेतता येत नाही."