गाळून दिलेला नमुना

मी एक जुनी बाटली आहे. लिटरभर पाणी मावेल एवढी, जाड काचेची. पोटावर तांबड्या रंगात सतरा हा आकडा आणि डोक्यावर घट्ट बसणारं काचेचंच बूच. मित्रांनो, बाटली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सरबत आलं असेल. येऊ द्या. माझ्या पोटात काय काय गेलं ते सगळं सांगितलं, तर आज तुम्ही जेवणार नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. पेंढ्यात गुंडाळून आम्ही चोवीस बहिणी लातूरला आलो, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पर्यावरण प्रयोगशाळेत. कारखान्यांचं सांडपाणी आमच्यात भरून आणायचं आणि तपासायचं, यासाठी आमची खरेदी झाली होती. अशा पाण्याला तिथे 'नमुना' म्हणतात. मराठीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, "काय नमुना आहे!" म्हणताना असतो तो. पहिल्या प्रकारचे नमुने मी पोटात बाळगले. दुसऱ्या प्रकारचे काचेतून पाहिले. नाल्याच्या पाण्याची मला कधी तेवढी किळस आली नाही.

माझ्या कपाटाशेजारी एक परदेशी यंत्र होतं. हार घालून, नारळ फोडून त्याचं उद्घाटन झालं, आणि त्यानंतर ते कधी सुरूच झालं नाही. अंगावर प्लास्टिकचं पांघरूण घेऊन ते लोळत असे. कोणी पाहुणे आले की पंढरी शिपाई पांघरूण काढून ते पुसायचा आणि म्हणायचा, "हात लावू नका, लई नाजूक हाय." मी मात्र सहा वर्षं कोरडी पडून धूळ खाल्ली.

विभागप्रमुख होते दयानंद सर. प्रदूषणावरच्या चाळीस शोधनिबंधांवर त्यांचं नाव पहिलं. नाला त्यांनी पाहिला होता तो गाडीची काच वर करून. पर्यावरण वाचवा म्हणून ते तासभर बोलायचे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ हसत हसत घ्यायचे.

मग विशाखा आली. हदगावच्या साहेबराव मास्तरांची ही लेक, पीएच.डी. करायला आली होती. पहिल्याच दिवशी तिने कपाट उघडलं.

"पंढरीभाऊ, या बाटल्या शेवटच्या कधी धुतल्या?"

"वापरल्याच न्हाईत मॅडम, तर धुवायच्या कशाला?"

तिने आम्हा सगळ्यांना स्वतः धुतलं. पुढे तिला मुलगी झाली, बुद्धप्रिया. तेव्हा घरी दुधाची बाटली उकळायची आणि इथे मला ॲसिडने घासायची. दोघींना सारख्याच मायेने उजेडात धरून बघायची, कुठे काही राहिलं तर नाही ना. मित्रांनो, त्या इमारतीत मला कोणी माणसासारखं वागवलं असेल तर तिने. बाकीच्यांना माणसासारखं वागवावं असं मला वाटत नाही.

तिचा अभ्यास निलंग्याकडच्या एका ओढ्यावर होता. वरच्या अंगाला सोयाबीनचं तेल काढणारा कारखाना. तिथल्या व्यवस्थापकाने मोठ्या प्रेमाने सांगितलं, "मॅडम, उन्हात कशाला जाता? बसा, नमुना आम्हीच आणून देतो." त्याच्या माणसाने मला आत नेलं आणि कार्यालयातल्या कूलरच्या नळाखाली धरलं. विशाखाने मला हातात घेतलं. एप्रिल महिना, बाहेर जीव नकोसा करणारं ऊन, आणि माझ्या अंगाला गारव्याने घाम फुटलेला.

"तुमच्या ओढ्यात बर्फ पडतो का हो?" तिने विचारलं.

त्याला विनोद कळला नाही. असल्यांना कळत नाही.

ओढ्याच्या काठी केवळाबाईंचं शेत होतं. त्यांची देवणी जातीची गाय पाण्याचा वास घ्यायची आणि मागे फिरायची. केवळाबाईंनी विशाखाला गुपित सांगितलं, "बाजाराच्या दिवशी घाण पाणी सोडतेत, बाई. गाव सगळं निलंग्याला जातंय. बघाया हाय कोण?"

बाजाराच्या दिवशी विशाखाला दुपारपर्यंत वर्ग होते. म्हणून तिने मला केवळाबाईंकडे ठेवलं. "मावशी, पाणी सुटलं की नमुना भरा आणि ओल्या पोत्यात ठेवा. मी दुपारच्या एसटीने येते."

पाणी सुटलं. ताकासारखं पांढरं, वर फेस, आंबूस वास. केवळाबाईंनी कळशी भरली, आत डोकावल्या आणि त्यांचं तोंडच उतरलं. "अगं बया! एवढी शिकलेली पोर, एवढ्या लांबून येऊन राहिली, अन् तिला असली घाण देऊ?" त्यांनी कोनाड्यातून तुरटी आणली. कळशीत फिरवली. गाळ खाली बसेपर्यंत थांबल्या. मग हिरव्या लुगड्याचा पदर दुहेरी करून माझ्या तोंडावर धरला आणि वरचं निवळ पाणी हळूहळू ओतलं. मी आतून ओरडत होते, पण बाटलीचं कोण ऐकतं! मी विहिरीच्या पाण्यासारखी नितळ दिसायला लागले.

घाण पाण्यातले जंतू तीन दिवसांत किती प्राणवायू खातात, यावरून पाण्याची घाण मोजतात. आकडा तीसच्या आत असला तर पाणी ओढ्यात सोडायला चालतं. माझा आकडा आला सव्वीस.

सर खूश झाले. कारखान्याला वाढीची परवानगी हवी होती आणि तिच्यासाठी महाविद्यालयाचा अहवाल. "विशाखा, ओढा चांगला आहे म्हणायचा. तू अहवालावर सही कर, मी तुझ्या प्रबंधावर करतो. दोघेही मोकळे."

विशाखाने मला खिडकीशी धरलं. माझ्या तळाशी पिंजलेल्या कापसासारखे कण होते आणि गळ्याशी एक हिरवा धागा.

"सर, हा आकडा खरा नाही."

"आकडा तो आकडा. नमुना तूच आणलास ना?"

"आणला, पण भरला दुसऱ्यांनी. मी समोर नव्हते. चूक माझी आहे." आणि तिने वहीत लिहिलं, 'बाटली सतरा, नमुना रद्द'.

"काय नमुना आहे ही मुलगी!" सर हसले. सर हसले म्हणून पंढरीही हसला. मी कपाटातून दोघांकडे पाहून घेतलं.

पुढच्या बाजाराला तिने रजा टाकली आणि बुद्धप्रियाला कडेवर घेऊन गेली. पिशवीत दुधाची बाटली आणि मी एकमेकींना खेटून.

"मावशी, त्या दिवशी पाणी गाळून भरलंत का?"

"तर! तुरटी बी फिरवली. पाव्हणीला गढूळ पाणी देते व्हय मी?"

विशाखा बांधावरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो मावशी, मला ते प्यायचं नव्हतं. त्यांची घाण त्यांना दाखवायची होती. तुम्ही तर ती धुऊन दिलीत."

केवळाबाईंचा चेहरा कोरा झाला. "म्हंजी मी त्येंचंच काम केलं?"

"हाव," विशाखा हळूच म्हणाली.

मग मात्र बाईंनी पदर खोचला. मला उचललं आणि ओढ्यात गुडघाभर पांढऱ्या पाण्यात उतरल्या. मी बुडबुडत काठोकाठ भरले. मला पुढे करताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. तसलं पाणी पाहुणीच्या हातात द्यायची त्यांना लाज वाटत होती. लाज ज्यांना वाटायला हवी होती ते वातानुकूलित खोलीत बसले होते.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "जसं हाय तसं."

आकडा आला एकशे नव्वद. विशाखाने दोन्ही आकडे, रद्द केलेल्या ओळीसकट, अहवालात दिले. परवानगी अडकली. कारखान्याला आधी पाणी शुद्ध करायचे हौद बांधावे लागले. इकडे सरांनी चौदा महिने तिच्या प्रबंधाला हात लावला नाही. शेवटी ती नांदेडला गेली आणि नव्या मार्गदर्शकाकडे पहिल्या पानापासून सुरुवात केली.

माझी रवानगी सरांच्या टेबलावर झाली. पंढरीने माझ्यात मनीप्लांट खोचला. पाच वर्षं त्या वेलीची मुळं आणि सरांचं बोलणं मी सोसलं. मुळांचा त्रास कमी होता. ओठाचा टवका उडाला तेव्हा मला भंगारात टाकलं. तेवढ्यात विशाखा तिथे परीक्षक म्हणून आली. ढिगात तिला सतरा आकडा दिसला.

"ही मी नेऊ?"

"फुटकी हाय मॅडम," पंढरी म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "पण न्या. तुमचीच हाय ती."

आता मी नांदेडला प्राध्यापक विशाखांच्या प्रयोगशाळेत राहते. दरवर्षी पहिल्या तासाला त्या मला टेबलावर ठेवतात. ओढ्यावर अजून जाणं होतं. देवणी गाय आता पाणी पिते, पण वास घेतल्याशिवाय नाही. मला तिच्याबद्दल फार आदर आहे.

मित्रांनो, पाहुण्याला पाणी द्याल तेव्हा तुरटी फिरवा, पदराने गाळा, तांब्या लखलखीत घासा. मलाही वापरून झाल्यावर स्वच्छ धुवा, एवढं माझं मागणं आहे. पण भरताना काही गाळू नका. माझ्या पोटावर सतराच्या खाली एक चिठ्ठी अजून चिकटून आहे. 'नमुन्याचे वर्णन' असं त्यावर छापलंय, आणि पुढच्या रिकाम्या जागेत विशाखाने त्या दिवशी बांधावर बसून, मांडीवरच्या लेकीला सांभाळत, तीन शब्द लिहिलेत:

जसं हाय तसं.