गोड दारूच्या दशम्या

साळूबाईनं बाटलीचं बूच दातांनी उपसलं आणि परातीतल्या कणकेत गोड दारू ओतली. लाल धार गुळाच्या चुऱ्यावरून पसरली, तसा द्राक्षांचा आंबूस वास थेट सोप्यापर्यंत गेला. सोप्यात म्हाळाला आलेली भावकी बसली होती. तरी तिनं दार लोटून घेतलं नाही.

वासामागून हंबीरराव आत आला. तिचा धाकटा दीर. गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्यात येती निवडणूक.

"वैनी, ह्ये काय चाललंय?"

"तुमच्या दादांच्या म्हाळाचा सैपाक."

"दारूत? माळकऱ्याच्या घरात?"

"पितराला आवडीचं वाढत्यात. त्यास्नी ह्या दशम्या आवडायच्या. गोव्याला पलटण हुती तवा शिकलं हुतं."

तिचा नवरा मानसिंग एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्याला तीन वर्षं होत आली होती. तेव्हापासून कडेगावपर्यंत जो तो त्याच्याविषयी बोलायचा. हंबीरराव तर सभेत बोलायचा. साळूबाईला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. मेलेल्याच्या नावानं पाटावर बसून कुणी जेवायचं, हेही दिरानंच ठरवलेलं: भावकीतला कोंडीबा. यंदा नवऱ्याच्या नावाच्या त्या ताटात आपलं काहीतरी पडावं, याच हट्टानं तिनं त्याच्या पलटणीतल्या जोतीरामकडून ही बाटली मागवली होती.

"माझा भाऊ थेंबाला शिवला न्हाई कवा. फेका त्ये."

"न्हाई फेकत."

आता बाईच्या जातीनं एवढं तोंडावर म्हटल्यावर हंबीरराव काय करणार? तो आईला घेऊन आला.

बनुबाई टेकत टेकत परातीपाशी बसली. तिच्याही गळ्यात माळ होती. तिनं कणकेकडे पाहिलं.

"गूळ घातलास?"

"व्हय, आत्याबाई."

"मानसिंग गोड खायाचा न्हाई. ल्हान हुता तवा पुरनाची पोळी गुपचूप कुत्र्याला घालायचा. खरं सांग, कुनासाठी करतीस?"

साळूबाईचे हात थांबले. खोटं पकडलं गेलं होतं. तिनं मान खाली घातली नाही.

"माझ्यासाठी."

हंबीररावानं तोंड उघडलं. बनुबाईनं हातानंच त्याला गप्प केलं.

"गोव्यात माझं पोट पडलं. पाचवा म्हैना हुता. अन्नाकडं बघवत नव्हतं. शेजारीन म्हनली, ह्यानं ताकद येती. मग त्येनी सोता कनीक मळली, चुलीम्होरं बसून दशम्या भाजल्या. वाकड्यातिकड्या, करपलेल्या. म्हैनाभर, रोज. सोता तुकडा चाखला न्हाई. तुमी सगळी त्येंची लढाई सांगता. मी कवा ह्ये सांगायचं?"

पोट पडल्याचं या घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. बनुबाईनं परातीच्या कडेवर हात टेकला.

"मानसिंगनं? चुलीम्होरं बसून?"

"व्हय."

"आई, लोकं खोळंबल्यात," हंबीरराव म्हणाला.

साळूबाईनं दशम्या लाटल्या, भाजल्या, टोपलीत घातल्या आणि पदर खोचून सोप्यात गेली. कोंडीबा पाटावर बसलेलाच होता.

"मामा, उठा."

कोंडीबानं हंबीररावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि उठला. टोपली शेजारी ठेवून साळूबाई नवऱ्याच्या पाटावर मांडी घालून बसली. पुरुषांच्या पंगतीत, त्यांच्या आधी. कुणीतरी खाकरलं. हंबीरराव तरातरा पुढं आला.

तेवढ्यात तुपाची वाटी घेऊन बनुबाई आली. पोराला हातानं बाजूला सारून ती सुनेसमोर खाली बसली.

"त्यो किती वाढायचा गं?"

साळूबाईच्या डोळ्यांना आता धार लागली.

"दोन."

बनुबाईनं माळ मागं सारली, दारूत भिजलेल्या कणकेच्या दोन दशम्या आपल्या हातानं तिच्या ताटात घातल्या, वर तूप सोडलं, आणि सुनेचं खाऊन होईस्तोवर पंगतीत कुणाला घास उचलू दिला नाही.