खुल्या जागेवरची बाई

“थांब, थांब. मागं घे जरा,” म्हणत मुक्ताबाईने झाडू भिंतीला टेकवला आणि ती शहिस्ताच्या मोबाईलवर वाकली.

ग्रामपंचायतीचं दार नुकतंच उघडलं होतं. शहिस्ता रोज तळेगावहून यायची आणि कॉम्प्युटरवर लोकांना दाखले काढून द्यायची. मुक्ताबाई तिथली शिपाई. झाडलोट, नोटिसा वाटणं, गावाला पाणी सोडणं, यात तिची बावीस वर्षं गेली होती.

मोबाईलवर एक सावळी बाई माइकसमोर उभी होती. पुढ्यात माणूसच माणूस. कितीतरी जण डोळे पुसत होते.

“कोन गं ही?”

“कमला हॅरिस. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला उभी होती मावशी. काल हरली.”

“हरली, तर बोलती कशापायी?”

“हरले म्हणून सांगतेय. सगळ्यांसमोर.”

मुक्ताबाईला हे नवल वाटलं. गावात पडलेला उमेदवार महिनाभर मागच्या आळीने ये-जा करतो, हे तिने चार निवडणुकांत पाहिलं होतं.

“बायांसाठी राखीव हुती का ती जागा?”

“नाही. तिथं राखीव नसतंच. सगळं खुलं.”

मुक्ताबाईने मनातल्या मनात मोजलं. गावात आजवर दोन बाया सरपंच झाल्या, त्या राखीव होतं म्हणून. आत्ताची बबिता तर सही करायची तीसुद्धा नवरा बोट ठेवेल तिथे. शिक्का त्याच्याच खिशात. गाव सरपंच म्हणून हाक मारायचं ते त्या नवऱ्यालाच, विकासला.

“हिच्या आदी कुनी ऱ्हायली हुती उभी?”

शहिस्ताने मोबाईलवर शोधलं. “आठ वर्षांपूर्वी एक होती. तीही हरली. आणि... बाप रे! दीडशे वर्षांपूर्वी एक उभी होती, मावशी. तेव्हा तिथे बायकांना मताचा हक्कच नव्हता.”

“मंजी तिचं सवताचं मत बी तिला पडनार न्हवतं?”

“नाही.”

“तरी उभी ऱ्हायली?”

“तरी.”

मुक्ताबाई तिथेच उंबऱ्यावर टेकली. त्या दिवशी गावाला पाणी अर्धा तास उशिरा सुटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

दीड वर्षाने निवडणूक लागली. सरपंचपद या खेपेला खुलं निघालं. विकास स्वतः उभा राहिला. मुक्ताबाईने शिपाईपदाचा राजीनामा लिहून दिला आणि तालुक्याला, वडगावला जाऊन अर्ज भरला.

विकासला हसू आवरेना. “मावशी, जागा खुली हाय. बायांची न्हाई.”

“खुली मंजी दार उगडंच की, विकासभाऊ. बाप्यांनीच शिरावं आसं कुटं लिवलंय?”

तिच्याकडे ना जीप होती, ना फ्लेक्स. ती पायीच हिंडली. डोंगरावरच्या वाडीत गेली तेव्हा बाया करवंदं काढून उतरत होत्या. त्यांच्यात बसून तिने दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. नाव तिला नीट उच्चारता येत नव्हतं, पण गोष्ट पुरी सांगितली.

वाडीतली सर्वांत जाणती सावित्राबाई बराच वेळ टोपलीतली पानं वेचत राहिली. मग म्हणाली, “तिला मत न्हवतं तर ती उभी ऱ्हायली. आमाला हाय, तर आमी नवऱ्याला इचारून टाकतो.” बाया हसल्या. “वाडीच्या आमी सत्त्याण्णव बाया. आमची मतं तुजी, मुक्ते.”

मतमोजणीला मुक्ताबाई एकटीच गेली. विकासला चारशे अडतीस, तिला एकशे एक्कावन्न. गुलाल उधळला. तिने कागदावर सही केली, आकडा दोनदा वाचला आणि विकासपुढे जाऊन म्हणाली, “सरपंच, पानी वाडीपातूर पोचवा आता.” त्याने मान डोलावली. पहिल्यांदाच तो हसला नाही.

सहा आसनी रिक्षातून ती फाट्यावर उतरली, तर वाडीच्या बाया वाट बघत उभ्या.

“पडलीस?” सावित्राबाईने विचारलं.

“पडले, मावशी.”

“किती मतं पडली?”

“एकशे एक्कावन्न.”

सावित्राबाईने बोटांची पेरं मोजली. अडली. पुन्हा मोजली. “आमी सत्त्याण्णव. तुजं एक. गावातल्या बाया तर नवऱ्याला इचारूनच टाकत्यात.” ती थबकली. “मग वरची तरेपन कुनाची गं?”

विजयाची मिरवणूक पुढे गेली होती, आणि गावातले पुरुष फाट्याजवळच्या देवळाच्या पारावर परतून बसले होते. बायांच्या नजरा हळूहळू तिकडे वळल्या. एकानेही मान वर केली नाही. कडेचा एक जण तळहातावर तंबाखू मळत होता, केव्हाचा नुसता मळतच होता.

मुक्ताबाईने पदर सारखा केला आणि त्या खाली घातलेल्या मानांकडे ती बघत राहिली.