तेरा नंबरचे बूट

शैलजाबाईंना व्यायामाचा कंटाळा मुळीच नव्हता. पायाला बांधायचं काय, एवढाच प्रश्न होता.

जानेवारीत त्या अमेरिकेत, ॲन आर्बरला लेकीकडे आल्या आणि आठव्याच दिवशी बिल्डिंगसमोरच्या बर्फावरून अशा सटकल्या की उजवा गुडघा कामातून गेला. ऑपरेशन टळलं, पण पायातली ताकद पार गेली. रेणू इथे पीएचडी करत होती, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. बिल्डिंगला लिफ्ट होती म्हणून निभावलं. नाशिकच्या घरी कुठली आलीय लिफ्ट? आणि ते घरही तिसऱ्याच मजल्यावर!

झालं, पुण्याहून मुलाचे, प्रसादचे फोन सुरू झाले. "आई, घर विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे. माझ्याजवळ लिफ्टवाला फ्लॅट बघतो." शैलजाबाई ऐकेनात. नवरा गेल्यावर अकरा वर्षं त्या तिथे एकट्या, पण झकास राहिल्या होत्या. रोज चारच्या ठोक्याला चौघी मैत्रिणी रमीला यायच्या, भांडायच्या, चहा पिऊन जायच्या. ते सोडून पुण्यात लिफ्टमध्ये वरखाली करत बसू?

शेवटी तह झाला. मे महिन्यात परतीचं विमान होतं. त्याआधी आईने कुणाचा हात किंवा कठडा न धरता तीन मजले चढून दाखवायचे. जमलं तर घर राहील, नाही तर प्रसाद म्हणेल ते.

रेणूची मैत्रीण निधी फिजिओथेरपिस्ट होती. ती म्हणाली, "काकू, एकदम सोपं आहे. खुर्चीत बसायचं, पावलाला वजन बांधायचं, पाय सरळ करून दहापर्यंत मोजायचं." रेणूने लगेच वजनाचे पट्टे ऑर्डर केले. शैलजाबाईंनी किंमत विचारली, मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि ऑर्डर कॅन्सल करायला लावली.

"वाळू भरलेल्या दोन पट्ट्यांना एवढे? घरात काय जड वस्तूंचा दुष्काळ पडलाय?"

रेणूने तांदळाची पिशवी काढली.

"अन्न पायाला बांधू? शोभतं का तुला?"

जाडजूड पुस्तकं काढली, तर ती सरस्वती. लाँड्रीच्या मशीनसाठी साठवलेल्या नाण्यांची बरणी काढली, तर ती लक्ष्मी. पाण्याची बाटली चालली असती, पण ती मेली पावलावर ठरेना. दोनदा सुटून सोफ्याखाली गेली. रेणू ती काढायला वाकली आणि तिथूनच ओरडली, "अगं आई, पायाला चालेल असं तुझ्या जगात आहे तरी काय?"

"चप्पल!" शैलजाबाई तडकून म्हणाल्या, आणि तिथेच त्यांना उत्तर सापडलं.

शनिवारी दोघी जुन्या वस्तूंच्या दुकानात गेल्या. तिथे कुणा धिप्पाड बांधकाम कामगाराचे बूट होते. पुढे बोटांवर लोखंडी टोपी, तेरा नंबर, एकेक तीन पाउंडांचा, म्हणजे जवळपास दीड किलोचा. एका पिझ्झाच्या निम्म्या किमतीत दोन्ही! शैलजाबाईंनी ते कडेवर पोर घ्यावं तसे घरी आणले.

आणले खरे, पण बूट घालून घरात वावरणं त्यांना जन्मात जमलं नसतं. म्हणून खुर्ची गेली बाहेर, कॉरिडॉरमध्ये. साडीखाली लोकरीचे दोन-दोन मोजे, त्यावर ते अजस्र बूट, आणि तोंडाने एक, दोन, तीन. समोरच्या दारातले बिल नावाचे म्हातारे पहिल्या दिवशी दचकले. दुसऱ्या आठवड्यात तेही खुर्ची घेऊन बसले आणि मराठीत दहापर्यंत मोजायला लागले. त्यांचं 'चार' आणि 'सात' शेवटपर्यंत सुधारलं नाही. शैलजाबाई मात्र सुधारल्या. एप्रिलमध्ये त्या एका दमात तीस वेळा पाय उचलायच्या आणि "बिलभाऊ, थकलात?" म्हणून वर चिडवायच्या.

परतीच्या आधीच्या रविवारी बिल्डिंगच्या जिन्यावर परीक्षा झाली. प्रसाद व्हिडिओ कॉलवर होता. रेणू फोन धरून पुढे, शैलजाबाई साधी चप्पल घालून मागे. एवढ्या दिवसांच्या त्या बुटांनंतर पाय कसे हलके वाटत होते! बघता बघता त्या तिसऱ्या मजल्यावर, आपल्या दारासमोर पोचल्या. बिलभाऊंनी टाळ्या वाजवल्या. "आई, जिंकलीस!" प्रसाद म्हणाला. "घर तुझंच."

शैलजाबाई हसल्या नाहीत. काहीतरी चुकत होतं. चढताना सवयीने पायऱ्या मोजल्या होत्या, त्या भरल्या बत्तीस. नाशिकला अठ्ठेचाळीस होत्या. तीस वर्षं भाजी घेऊन चढताना मोजलेल्या. आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत मेले तळमजल्यालाच पहिला म्हणतात! म्हणजे त्या दोनच मजले चढल्या होत्या.

गप्प बसता आलं असतं. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"थांब रे प्रसाद, फोन ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "आपला तिसरा अजून वर आहे."

आणि त्या निघाल्या. गुडघा कुरकुरला, छाती भरून आली, पण कठडा धरला नाही. सोळा पायऱ्या. वर पोचून वळून पाहिलं, तर फोन धरून मागून आलेल्या रेणूच्या डोळ्यांत पाणी.

"मला माहीत होतं, आई. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"नापास झाली असतीस तर?" रेणूने डोळे पुसले. "तू जाऊ नयेस असं खूप वाटतं गं. पण घर जायला नको होतं तुझं."

शैलजाबाईंनी तिला जवळ घेतलं. लेक एवढी मोठी कधी झाली, कळलंच नव्हतं.

बुधवारी बॅगा भरताना रेणू बूट उचलून आत आणायला गेली, तशी शैलजाबाईंनी तिला अडवलं.

"बाहेरच राहू देत, दारात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, आत कुणीतरी धिप्पाड आहे."

"आहेच की," रेणू म्हणाली आणि आईची जड बॅग उचलून लिफ्टकडे निघाली. शैलजाबाई जिन्याने उतरल्या.