तिसरा माइक

नमुन्याचे तीनच माइक आले होते. दोन मेले, तिसरा माझ्या टेबलावर डबीत होता. कंपनी ज्यांची आहे त्या मॅडम सकाळीच सांगून गेल्या होत्या, "हाही गेला तर पत्र्यांची डिझाइन्स बाहेरून करून घेऊ." म्हणजे माझं काम संपलं, एवढंच त्यांनी सभ्यपणे सांगितलं.

पातळ स्टीलच्या पत्र्याला कुठे आणि केवढी भोकं पाडायची, ते मी ठरवते. त्या भोकांतून सर्किट बोर्डावर सोल्डर पेस्ट उतरते, पेस्टवर पार्ट बसतो आणि भट्टीत पेस्ट वितळून पार्ट पक्का होतो. चौकोनी पायांचे पार्ट कुणीही करेल. हा माइक मात्र द्वाड होता. डाळीएवढा जीव, पोटाला आवाज घ्यायचं भोक, खाली बोर्डातही तेवढंच आरपार भोक, आणि त्या भोकाभोवती सोल्डरचं गोल कडं हवं. पत्र्यात अख्खं कडं कापलं तर मधली टिकलीच गळून पडते. म्हणून मी कड्याचे चार तुकडे केले, मध्ये बारीक फटी ठेवल्या. पेस्ट कमी पडली तर वितळल्यावर फटी भरत नाहीत आणि आवाज गळतो. जास्त झाली तर भोकात शिरते आणि माइक बहिरा.

पहिला बहिराच निघाला. "पेस्ट जास्त झाली," भट्टीवरून बाबा म्हणाले. भट्टी चालवतात ते माझे वडीलच. पंचवीस वर्षं तिथे आहेत आणि त्यांचा शब्द इथे कुणी खाली पडू देत नाही. मी कडं बारीक केलं, नवा पत्रा कापून घेतला. दुसराही बहिरा. पार्टच खराब असतील, असं मी म्हटलं, तर बाबा मॅडमच्या देखत हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं." घरी दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा आईमार्फत कळवलं.

काल मी दोन्ही मेलेले माइक उपटून भिंगाखाली धरले. भोकं स्वच्छ होती, पेस्टचा कणही आत नव्हता. मग पेस्ट कमी तरी कशाला करायची? आज मी पहिलाच पत्रा काढला.

"पुन्हा तोच?" बाबा म्हणाले. "हट्टाला औषध नाही बघ."

"पेस्ट बरोबर आहे, बाबा."

"कळेलच आता."

मागच्या दोन्ही वेळा मी बोर्ड भट्टीकडे पाठवून माझ्या खोलीत वाट बघत बसले होते. आज बसवेना. पत्र्यावरून पेस्ट ओढली, कडं सुबक उमटलं. चिमट्याने माइक त्यावर ठेवला. बोर्ड भट्टीत गेला. सहा मिनिटं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. माझा जीव टांगणीला लागला होता आणि शेजारी बाबा निवांत शीळ घालत होते, त्याचा मला भयंकर राग येत होता.

बोर्ड बाहेर आला. बाबांनी तो हातमोज्याने उचलला, उलटा केला, आणि त्यांचा दुसरा हात आपसूक हवेच्या गनकडे गेला. ते प्रत्येक बोर्डाला हवा मारतात. धूळ उडते, बोर्ड लवकर निवतो. इथे मात्र त्या भोकाच्या आत माइकचा आवाज टिपणारा, कांद्याच्या सालीहून पातळ पडदा होता.

मी त्यांचं मनगट धरलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गनकडे, मग बोर्डातल्या भोकाकडे. त्यांचा चेहरा उतरला. या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. गरम आहे, आपला आपण निवू दे म्हटलं."

टेबलावर नेऊन मी बोर्डाला तारा जोडल्या. स्क्रीनवर सरळ हिरवी रेघ आली. "भोकाजवळ जाऊन बोला कुणीतरी," मॅडम मागून हळूच म्हणाल्या. मी तारा पुन्हा एकदा दाबून बघत राहिले.

बाबा पुढे आले. हातमोजा काढून बोर्डावर वाकले.

"पहिले दोन मी मारले," ते म्हणाले. रेघ उसळली. "हवा मारून. पोरीचा पत्रा पहिल्या दिवसापासून बरोबर होता."

शब्दागणिक रेघ वरखाली होत होती. बोलणं संपलं तरी ते तसेच वाकून राहिले, आणि रेघ त्यांच्या श्वासाबरोबर हलत राहिली.