उजवी नळी

हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणारी ती बाई तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती. हृदय कमजोर झालं होतं. पुन्हा दिवस गेले तर जीव जाईल आणि भूल देऊन ऑपरेशनही झेपायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं. मग त्यांनी कुठेही न कापता, खालूनच दोन्ही गर्भनलिकांत बारीक स्प्रिंगा बसवल्या.

"त्यांच्याभोवती मांस धरेल आणि वाट बुजेल. पण तीन महिन्यांनी नळ्यांत औषध सोडून एक्स-रे फोटो काढून खात्री होईपर्यंत मिस्टरांपासून लांब राहा, निरोधवरही विसंबू नका," त्यांनी बजावलं.

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. त्याने ते तीन महिने तोंड फुगवून कसेबसे काढले.

फोटोच्या दिवशी ती खुशीत गेली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. डावी नळी बंद होती. उजवीतून औषधाची पांढरी रेघ सरळ पुढे गेली होती.

"स्प्रिंग सरकलीय. पुन्हा बसवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आता मिस्टरांनी नसबंदी करून घ्यावी. थोडक्यात होणारं काम आहे."

जेवायला वाढताना तिने घरी सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"मी कशाला? मला काय झालंय?"

"तुम्ही धडधाकट आहात म्हणूनच. मला भूल सोसायची नाही, अहो."

"दिवसभर खोकी उचलतो मी. काही कमीजास्त झालं तर?"

"काही होत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या…"

"बघू," म्हणत त्याने हात धुतले.

सासूबाई मान खाली घालून जेवत होत्या. आजवर त्या लेकाविरुद्ध चकार शब्द बोलल्या नव्हत्या. रात्री सुनेने उशी उचलून त्यांच्या खोलीची वाट धरली, तेव्हा मात्र त्या पलंगावर भिंतीकडे सरकल्या आणि तिला जागा करून दिली.

नवरा दाराशी आला. "आई, तिला पाठव."

"आधी तू डॉक्टरकडे जाऊन ये," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कडी लावली.

तो गेला नाही. दोघींशी बोलणंच टाकलं त्याने. ती दिवसभर लाँड्रीच्या वाफेत उभी राहायची आणि घरी येऊन त्या अरुंद पलंगावर अंग चोरून पडायची. कडीमुळे जीव सुरक्षित होता. पण भिंतीपलीकडे तो कूस बदलायचा ते तिला ऐकू यायचं. त्याच्याजवळ जावंसं तिलाही वाटायचं; पण तसं वाटतं का, हे तिला कुणीच विचारलं नाही.