भुलोबाने सूर्य का अडवला

भुलोबाने सूर्य अडवला त्या गुरुवारी मोरेश्वर आठल्ये यांच्या पुढच्या खोलीत एकशे बारा माणसे येऊन बसली. दाराला कडी होती. आठल्ये खुर्चीत बसून मोबाईलवर ‘नऊ वेशी’ या वेबकॉमिकचा नवा भाग वाचत होते. खालच्या कमेंटवरून त्यांचे बोट सरकत गेले, तसतसा एकेक लिहिणारा समोर मांडी घालून बसत गेला. एक माणूस वाढला की खोली एका फरशीने लांब होई. ती फरशी स्वयंपाकघरातून येई. एकशे बारा झाली तेव्हा पुढची खोली शाळेच्या व्हरांड्याएवढी झाली होती, आणि ओट्यासमोर जेमतेम एक माणूस उभा राहू शकत होता.

आठल्यांना इतक्या माणसांची सवय नव्हती. घरात सतरंजी एकच आहे, याची त्यांना लाज वाटली.

त्या भागात घडले होते ते असे. घाटावरच्या एका मुलीला सकाळच्या होडीने पलीकडे जायचे होते. तिथले रंगारी तिला शिकवायला तयार होते. भुलोबा हा वाटा फिरवणारा, माणसाला हसत हसत भलतीकडे नेऊन सोडणारा देव. त्याने मुलीच्या खिडकीपुरता सूर्य मनगटाला धरून ठेवला. अजून उजाडले नाही असे समजून मुलगी झोपून राहिली आणि होडी तिच्याशिवाय सुटली. शेवटच्या चौकटीत भुलोबा पाठमोरा उभा होता. खाली चित्रकर्तीने लिहिले होते : ‘त्याने हे का केले, ते मला बावीस वर्षांत कळलेले नाही. तुम्ही सांगा. पुढच्या गुरुवारपर्यंत ज्या उत्तराला वाचकांचे जास्त लाल बदाम मिळतील, ते खरे धरून मी पुढचे काढीन.’ सही होती, व. मो.

व. मो. म्हणजे वल्लरी मोरेश्वर.

बावीस वर्षांपूर्वी शहरातल्या चित्रकलेच्या शाळेने वल्लरीला मुलाखतीला बोलावले होते. एसटी सकाळी साडेआठची होती. आदल्या संध्याकाळी आठल्यांनी भिंतीवरचे घड्याळ, गजराचे घड्याळ आणि मुलीचे मनगटी घड्याळ अशी तिन्ही चाळीस मिनिटे मागे केली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा साडेआठचा भोंगा झाला तेव्हा ती आरशासमोर वेणी घालत होती. तिने घड्याळाकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले.

“भोंगाच आज लवकर झाला,” आठल्ये म्हणाले.

ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. वर्षभराने वल्लरी घरातून गेली. आता दिवाळीला तिचा फोन येई आणि दोघे हवेविषयी बोलत. आपण तिचे कॉमिक वाचतो हे आठल्यांनी तिला कधी सांगितले नव्हते. आपल्याला त्यातले काय कळते, असे त्यांना वाटे.

“एकदम सोपं आहे,” सर्वांत पुढे बसलेली मुलगी म्हणाली. पाठीवर सॅक होती, नाव ‘ढगफुटी’. “होडी बुडणार होती. भुलोबाला सगळं आधीच दिसतं. म्हणून त्यानं तिला चुकवलं.”

“मग बाकीच्यांना कशाला जाऊ दिलं?” मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेल्या जाड्या माणसाने विचारले. त्याचे नाव ‘माठातलं भूत’.

“बाकीचे साइड कॅरेक्टर आहेत, भावा.”

“मला विचारशील तर तो मुळातच हलकट आहे.”

“तू सगळ्यांनाच हलकट म्हणतोस. मागच्या महिन्यात कासवाला म्हणालास.”

“होतंच ते कासव.”

लोक हसले. ज्याला बदाम मिळे तो न उठता एक हात पुढे सरकत असे. ढगफुटी सरकत सरकत आठल्यांच्या गुडघ्यांना टेकली तेव्हा तिने वर पाहिले.

“काका, तुम्ही नवीन का? काही लिहीत नाही तुम्ही.”

“मी नुसता वाचतो.”

“मग जरा मागे बसा ना. पुढे लिहिणारे बसतात.”

आठल्ये आपली खुर्ची उचलून मागे स्वयंपाकघरात गेले. शनिवारपर्यंत माणसे हजारावर गेली. खोलीचे दुसरे टोक धूसर दिसू लागले. खुर्ची आता स्वयंपाकघरात मावत नव्हती, म्हणून आठल्यांनी ती बाहेर ठेवली आणि ते ओटा आणि भिंत यांच्यामध्ये उभे राहून भाताला फोडणी देऊ लागले.

रविवारी दुपारी त्यांनी लिहायला घेतले. लिहून पुसले, पुन्हा लिहिले. भाषा जड वाटत होती, मग ती फार साधी वाटू लागली. शेवटी दोन ओळी उरल्या : ‘घरात दुसरे कोणी नव्हते. त्याला एकट्याने जेवायची भीती वाटली.’ डोळे मिटून त्यांनी बटण दाबले.

उघडून पाहतात तो पुढच्या रांगेत ते स्वतःच बसलेले होते. पाठमोरे. कॉलर विरलेली, मानेवर न कापलेले केस, आणि खांदे असे पुढे आलेले की जणू कोणाचीतरी क्षमा मागून बसला आहे. चार मिनिटे आठल्ये त्या माणसाकडे पाहत राहिले. मग त्यांना ते सहन होईना. त्यांनी कमेंट काढून टाकली.

माणूस गेला. जागा मात्र गेली नाही. फरशीवर माणसाच्या बैठकीएवढी रिकामी जागा राहिली आणि तिच्यात कोणालाच बसता येईना.

“कोणीतरी कमेंट काढली,” माठातलं भूत म्हणाले. “मी वाचणारच होतो.”

ढगफुटी त्या जागेकडे टक लावून पाहत होती. “माझ्या कमेंटच्या बरोबर खाली होती. कोण काढतं लिहून? ज्याला सगळं माहीत आहे तो. माझं बरोबर निघालं, म्हणून त्यानं येऊन पाहिलं आणि पुसून गेला.”

“म्हणजे भुलोबा?”

“नाहीतर कोण?”

रिकाम्या जागेवर लाल बदाम पडू लागले आणि तिथून घरंगळत ढगफुटीच्या पदरात जाऊ लागले. आठल्ये स्वयंपाकघराच्या दारात उरलेल्या फटीतून कसेबसे बाहेर आले.

“ती मी लिहिली होती,” ते म्हणाले.

“काका, आत्तापर्यंत सहा जणांनी हेच सांगितलंय.”

“खरंच मी लिहिली होती.”

“बरं. काय लिहिलं होतं?”

आठल्यांनी सांगितले. आवाज लहान होता, पण खोली इतकी शांत झाली की शेवटच्या टोकापर्यंत पोचला असावा. मग माठातलं भूत हसले, आणि ते हसल्यावर सगळे हसले.

“देव आहे तो, काका. देव कशाला ताटाला घाबरेल?”

“असू दे रे,” ढगफुटी म्हणाली. “म्हातारे आहेत.” तिने त्यांच्या हातावर एक बदाम ठेवला.

बुधवारी स्वयंपाकघराचे दार दोन बोटे उरले. आठल्ये आतच होते. वल्लरीची चुकलेली एसटी त्या दिवशी खाजणाच्या पाण्यावरचा पूल ओलांडून वेळेवर शहरात पोचली होती, हे त्यांनी फटीला तोंड लावून तीनदा सांगितले. कोणती एसटी, असे कोणीतरी विचारले. गोष्टीत एसटी नाहीच, असे दुसऱ्याने सांगितले.

गुरुवारी दहाला नवा भाग आला. त्यात ढगफुटीचे उत्तर खरे धरलेले होते. होडी मध्यावर दुभंगली होती. पाण्यात अडतीस डोकी काढलेली होती, एकेकाचे नाक-डोळे वेगळे. काठावर भुलोबा सूर्याला मांडीवर घेऊन रडत होता. खोलीतली माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली.

त्यांच्यामधून वल्लरी चालत आली. केस बरेच पांढरे झाले होते. तिला कोणी ओळखले नाही. ती स्वयंपाकघराच्या फटीशी येऊन थांबली.

“बाबा, सांगायचं ना मग.”

“काय?”

“पूल पडणार म्हणून.” तिने फटीतून हात आत घातला आणि त्यांची बोटे धरली. “मी बावीस वर्षं भलतंच धरून बसले होते. तुम्हाला माहीत होतं ना?”

तिचा हात ऊन होता. आठल्ये बोलणार तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. कोणीतरी कडी काढली. खाकी कपड्यातला एक कंडक्टर उंबऱ्यावर उभा होता. त्याच्या बाह्यांतून पाणी गळत होते.

“साडेआठची,” तो म्हणाला. “अडतीस जण आहोत. बसायला जागा आहे ना?”

“या ना, या,” ढगफुटी म्हणाली. “सरकून घ्या रे सगळे.”

कंडक्टरच्या मागे एक बाई वाकून पदर पिळत होती. पिळता पिळता तिने मान वर केली आणि उत्तराची वाट पाहत असल्यासारखे सबंध खोली ओलांडून फटीकडे पाहिले.

“माहीत होतं ना, बाबा?” वल्लरीने विचारले.

“हो,” आठल्ये म्हणाले.

बाई सरळ झाली. तिने पायातल्या चपला काढल्या, दाराबाहेर एकीला एक लावून नीट ठेवल्या आणि मागच्या ओल्या माणसाला वाट देत आत पाऊल टाकले.